ज्याचा माणूस, त्याचं पत्र

पुण्यात छंदिष्ट माणसांचा तोटा नाही, आणि आपला छंद तेवढा खरा, बाकीचे सगळे रिकामटेकडे, असं मानणाऱ्यांचा तर मुळीच नाही. यज्ञेश्वर रसाळ त्यांच्यातलेच. नाणी जमवणाऱ्यांना ते 'चिल्लरवाले' म्हणत आणि काड्यापेट्या जमवणाऱ्यांशी हवापाण्यापलीकडे बोलत नसत. ते स्वतः लष्करी माणसांच्या सहीची पत्रं जमवत. कुणा सुभेदाराचं रजेचं पत्र, कुणा ब्रिगेडियरनं आभार मानून लिहिलेल्या चार ओळी, कुणा कर्नलची लग्नपत्रिकेवरची पोच. सगळं कोऱ्या कागदाच्या पाकिटांत, डांबरगोळ्यांपासून दूर, कपाटाच्या मधल्या खणात. त्या खणात मंदाकिनीबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, साधा रुमाल ठेवायचीही मुभा नव्हती.

खडकीच्या एका कचेरीत त्यांनी उभा जन्म कारकुनी केली. वडील हवालदार होते, पलटणीच्या सिग्नल तुकडीत. एकाहत्तरच्या लढाईत गेले तेव्हा यज्ञेश्वर शाळेत होता. महिन्याभरानं पलटणीचे कमांडर, कर्नल त्रिविक्रम शितोळे, यांचं पत्र आलं. चक्क मराठीत, हातानं लिहिलेलं. यमुनाबाईंनी, म्हणजे यज्ञेश्वरच्या आईनं, ते देवापाशी ठेवलं. पुढं पेन्शनच्या अर्जाला कागद जोडायचे होते. नक्कल जोडायची असते हे त्या बाईला कुणी सांगितलं नाही, तिनं अस्सल पत्रच टाचणीनं जोडून दिलं. अर्ज मंजूर झाला. पत्र परत आलं नाही. ती पुढं तीन-चारदा त्या कचेरीत जाऊन आली, मग तिनं जाणं सोडलं.

रसाळांच्या छंदाचं मूळ हे. नोकरीला लागल्यावर त्यांनी शितोळे साहेबांचा शोध घेतला, तर मेजर जनरल होऊन निवृत्त झालेले साहेब नुकतेच वारले होते. मग हा माणूस साहेबांचे कागद शोधत सुटला. आईचं पत्र सापडणार नाही हे त्यांना कळत होतं. पण त्याच आठवड्यात साहेबांनी इतर जवानांच्या घरीही तशीच पत्रं पाठवली असणार. त्यातलं एक मिळालं तरी आईला दाखवता येईल, एवढंच त्यांचं मागणं होतं. बाकीचे सुभेदार आणि ब्रिगेडियर त्या वाटेवर भेटलेले.

याच वाटेवर दत्तप्रसाद कोठावळे भेटले. मार्केट यार्डात त्यांच्या घराण्याचा गुळाचा गाळा. वर माडी, माडीला उत्तरेची खिडकी, आणि त्या खिडकीतला उजेड कागद पाहायला असा की दोघांनी पुढची तीस वर्षं सुट्टीचा दिवस तिथेच काढला. अंगाला गुळाचा वास घेऊनच रसाळ घरी येत. मंदाकिनीबाई म्हणत, "अहो, मुंग्या लागतील एक दिवस." 

दोघांनी आपापसात दोन नियम घातले होते आणि ते कागदावर उतरवायची कधी गरज पडली नव्हती. पहिला असा, की एकानं पाहिलेला कागद दुसऱ्यानं पाहिल्याशिवाय घ्यायचा नाही. दोघांच्या तोंडून 'खरं' आलं तरच खरं. दुसरा नियम, ज्याचा माणूस त्याचं पत्र. शितोळे साहेब हे रसाळांचे. कोठावळ्यांचे दुसरे कुणी कुणी होते. शितोळ्यांचा कागद कुठंही निघाला तरी त्यावर पहिला हक्क रसाळांचा, त्यांनी 'सोडलं' म्हटल्यावरच दुसऱ्यानं हात लावायचा. जुन्या कागदांचे व्यापारीसुद्धा हा नियम पाळत. बाहेरची माणसं हसत. हसोत. भावाभावांच्या वाटण्यांतही इतका चोखपणा दिसत नाही.

आठ वर्षांपूर्वी जुन्या बाजारातल्या साईनाथ या कागदवाल्यानं तसं एक पत्र काढलं. रद्दीवाल्याकडून आलेल्या गठ्ठ्यात होतं म्हणाला. शितोळे साहेबांचं, त्याच आठवड्यातलं, त्याच पलटणीच्या एका जवानाच्या बायकोला लिहिलेलं. साईनाथनं नियमाप्रमाणं रसाळांना बोलावलं. रसाळ तसेच धावत गेले. पण पत्र पाहिलं आणि ते जरा थबकले. त्यांच्याकडचे साहेबांचे सगळे कागद निवृत्तीनंतरचे, अक्षर उजवीकडे झुकलेलं, टपोरं. हे अक्षर मागं रेललेलं, ओबडधोबड. सहीतला 'त्रि' तर ओळखू येईना. साईनाथकडून दोन दिवसांच्या बोलीवर पत्र घेऊन ते माडीवर गेले.

कोठावळ्यांनी भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "यज्ञा, सोड. ही साहेबांची सही नाही. हेडक्लार्कची आहे."

"पण मजकूर?"

"मजकूरही त्याचाच. अरे, लढाई चालू असताना कर्नल काय घरोघर पत्रं लिहीत बसतो? एक मसुदा करायचा आणि कारकुनानं नावं बदलत उतरवायचा. तुला मी काय सांगणार, तू स्वतः कारकून."

हा घाव बरोबर जागी बसला. खडकीच्या कचेरीत साहेबांच्या परवानगीनं साहेबांच्या सह्या करायचं काम वर्षानुवर्षं रसाळच करत होते. इतकं की साहेबांची खरी सही बँकेनं एकदा परत पाठवली होती. कारकून काय काय उतरवतो हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. दुसरा कुणी असता तर वाद घालता, रसाळांनी घातला नाही. "सोडलं," म्हणाले, आणि पत्र साईनाथला परत देऊन आले.

तिथंच थांबते तर बरं झालं असतं. पण मनातलं घरी येऊन ओकल्याशिवाय चैन न पडणाऱ्या माणसांपैकी ते एक. यमुनाबाई तेव्हा नव्वदीला टेकल्या होत्या, डोळे गेलेले, कान शाबूत. जेवताना पुन्हा साहेबांच्या पत्राचा विषय निघाला. आल्यागेल्याला त्या आजही अभिमानानं सांगत, साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं म्हणून. रसाळ वैतागलेले होते. म्हणाले, "आई, ती पत्रं साहेब लिहीत नसत. कारकून लिहायचे. आपलंही तसंच असणार."

यमुनाबाईंचा घास हातातच राहिला. त्यांनी विचारलं, "कारकुनाचं अक्षर इतकं वाकडं असतं होय रे?"

"घाईत कुणाचंही होतं," रसाळ म्हणाले, आणि त्यांनी आमटी वाढून घेतली.

त्यानंतर यमुनाबाईंनी त्या पत्राबद्दल पुन्हा ब्र काढला नाही. कुणी आलं तरी नाही. वर्षभरात त्या गेल्या. आईच्या मनातून आपण काहीतरी काढून घेतलं हे रसाळांना जाणवत होतं. पण खरं तेच सांगितलं, अशी समजूत त्यांनी स्वतःची घातली होती. पुणेरी माणसाला खरं बोलल्याचं समाधान फार असतं, ते कुणाला किती लागलं याचा हिशेब तो ठेवत नाही.

यंदा कोठावळ्यांनी आपल्या संग्रहाचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं. कर्वे रस्त्याजवळचं एक छोटं दालन घेतलं. "तू पहिल्या रांगेत हवास," त्यांनी फोनवर सांगितलं. रसाळांनी ठेवणीतला सदरा काढला. मित्राचं कौतुक होताना पाहायला ते खरोखरच आनंदानं निघाले होते, हे इथं मुद्दाम सांगायला हवं.

दालनात गर्दी बेताची होती. रसाळ एकेक चौकट पाहत चालले. बहुतेक कागद माडीवर दोघांनी मिळून पाहिलेले, त्यामुळे ओळखीची माणसं भेटावीत तसं त्यांना वाटत होतं. शेवटच्या भिंतीवर, मधोमध, वेगळा दिवा लावून, ते पत्र होतं.

मागं रेललेलं तेच अक्षर. तोच ओळखू न येणारा 'त्रि'. शेजारी एक फोटो, कर्नल शितोळे तंबूसमोर उभे, उजवा हात गळ्यातल्या झोळीत. खाली पाटी: 'उजव्या हाताला जखम असताना कर्नल शितोळे यांनी डाव्या हाताने लिहिलेले सांत्वनपत्र. आपल्या पलटणीतल्या प्रत्येक मृत जवानाच्या घरी त्यांनी अशी पत्रे स्वतः लिहिली. फोटो व माहिती: साहेबांच्या पुतणीकडून.' आणि त्याच्या खाली, बारीक टायपात, 'तपासणी: दत्तप्रसाद कोठावळे, यज्ञेश्वर रसाळ.'

रसाळांनी पाटी वाचली. पुन्हा वाचली. घास हातात धरून बसलेली आई त्यांना समोर दिसली.

"आपणच रसाळ का?" शेजारी एक पाहुणे उभे होते, निवृत्त कर्नल, उद्घाटनाला बोलावलेले. "फार विलक्षण पत्र आहे. पण डाव्या हाताचं अक्षर म्हणजे ओळखायला कठीण. आपली खात्री आहे ना?"

आजूबाजूची चार माणसं वळून पाहू लागली. पलीकडे कोठावळे हार घालून घेत होते, त्यांनीही पाहिलं. रसाळांच्या जिभेवर शब्द तयार होते. ही सही साहेबांची नाही, हेडक्लार्कची आहे. एवढं म्हटलं की पुरे. लष्करी कागदांत रसाळांचा शब्द पुण्यात शेवटचा मानत, दिवा, फोटो, पाटी सगळं एका वाक्यात भुईसपाट झालं असतं. कोठावळ्यांनीच घडवलेलं वाक्य होतं, त्यांच्याच गळ्यात घालता आलं असतं.

पण ते वाक्य त्यांनी एकदा उच्चारलं होतं, जेवणाच्या पाटावर. तेच आज पुन्हा म्हणायचं म्हणजे आईचं पत्र दुसऱ्यांदा खोटं ठरवायचं. ते रसाळांच्यानं होईना.

"खात्री आहे," ते म्हणाले. "साहेबांच्याच हातचं आहे. कारकुनाचं अक्षर इतकं वाकडं नसतं."

पाहुण्यांनी मान डोलावली आणि ते पुढच्या चौकटीकडे गेले. कोठावळे घाईघाईनं आले, रसाळांचा दंड धरून त्यांना खिडकीपाशी घेऊन गेले. गळ्यातला हार काढायचं त्यांना सुचलं नव्हतं.

"मला ठाऊक होतं, तू खरंच सांगशील," ते म्हणाले. "म्हणून तर पाटीवर तुझं नाव आधीच छापून घेतलं."

रसाळांनी त्यांच्याकडे पाहिलं. तीस वर्षं ज्याच्या नजरेनं पाहिलं तो हा माणूस. आपला प्रामाणिकपणासुद्धा यानं सामानाच्या यादीत धरला होता, हार, दिवे, रसाळ.

"जखमेचं तुला कधी कळलं?"

कोठावळे खिडकीबाहेर पाहू लागले. "साईनाथनं पत्र काढलं त्याच्या आधीच. साहेबांची पुतणी गाळ्यावर आली होती."

"म्हणजे भिंग लावलंस तेव्हा ठाऊक होतं."

"हे बघ यज्ञा, नियम मी मोडलेला नाही. तू 'सोडलं' म्हणालास, मग मी साईनाथकडे गेलो. तुझा हक्क असताना मी हातसुद्धा लावला नाही."

हे ऐकून रसाळांना हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. केसानं गळा कापला आणि केस मात्र नियमात बसणारा निवडला.

"त्याच आठवड्यात मी तुला सांगितलं होतं," ते म्हणाले, "की आईला बोललो. तिचा घास हातातच राहिला हेही सांगितलं होतं. तेव्हा तू काय म्हणालास, आठवतं?"

कोठावळे गळ्यातल्या हाराशी चाळा करू लागले.

"चहा घे, म्हणालास."

एक बाई कोठावळ्यांचं अभिनंदन करायला आली. त्यांनी नमस्कार केला, ती जाईपर्यंत हसले, मग आवाज खाली आणून म्हणाले, "तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मग पत्र द्यावं लागलं असतं रे. मला ते हवं होतं. आयुष्यात एवढी एकच चीज मला अशी मनापासून हवीशी वाटली." त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. आणि या माणसाचं दुःखही खरं आहे हे दिसल्यामुळे रसाळांना आणखीच संताप आला.

"प्रदर्शन रविवारी संपतंय," कोठावळे म्हणाले. "सोमवारी मी स्वतः घरी आणून देतो. चौकटीसकट. ते तुझंच आहे. ज्याचा माणूस, त्याचं पत्र."

रसाळांनी आपला दंड सोडवून घेतला. सदऱ्याची चुणी नीट केली. भिंतीवर दिव्याखाली साहेबांचं वाकडं अक्षर दिसत होतं, लांबूनही दिसत होतं.

"आणून दे," ते म्हणाले. "पण मी ते कुणाला वाचून दाखवू, दत्ता?"