भट्टी बंद, तोंड बंद

आता काय सांगू, कपाळ माझं! जन्मभर तोंड चालवून माझं काही बिघडलं नाही. एकदाच गप्प बसले आणि सगळं हातचं गेलं. चहा खाली ठेवा आधी, ठसका लागेल.

मी शाळा बाहेरूनच पाहिली. वाचायला शिकले ती पुड्यांच्या कागदांवर. पण आमच्या तालुक्याच्या गावी, वाशीच्या वाचनालयातलं मॅनेजमेंटचं पुस्तक अख्खं वाचलंय! त्यात इंग्लंडातल्या क्वेकर लोकांची हकीकत होती. ख्रिस्ती पंथ तो. त्यांनी चॉकलेटचे कारखाने काढले, बँका काढल्या. लहानमोठ्याला एकच भाव, घासाघीस नाही. आणि बैठकीत मतदान नाही! सगळ्यांनी गप्प बसायचं, आतून उमगलं तरच बोलायचं. शेवटी प्रमुखानं सगळ्यांचा कल ओळखून सांगायचा. आजच्या कंपन्यांनी हे शिकावं म्हणे. मग आमच्या खव्याच्या बचत गटानं का शिकू नये? अध्यक्ष तर मीच!

प्रश्नही मोठा होता. एक पेढेवाला वर्षभर आमचा सगळा खवा घ्यायला तयार होता. उत्तर न्यायला तो बैठकीच्याच दिवशी येणार होता.

मी भट्ट्या विझवल्या, बायकांना माझ्या ओसरीवर बसवलं.

"अन् बोलायचंच न्हाय?" शेजारच्या सुमननं विचारलं.

"आतून आल्याबिगर न्हाय!"

"मला आतून जांभईच येतीया, काकू."

"गप!"

बसलो. डोक्यावर पदर, माना खाली.

गल्लीतली गोदाक्का डोकावली. विझलेली भट्टी बघितली, आम्हाला बघितलं, डोळ्याला पदर लावला आणि गेली. मला वाटलं, शांततेचा परिणाम! मग माणसं यायला लागली, चपला काढून गुपचूप बसायला लागली. म्हटलं, गाव सुधारलं!

तेवढ्यात गोदाक्का पिठलं-भाकरीची दुरडी घेऊन आली.

पिठलं-भाकरी? ती तर मयताच्या घरी आणतात! मग गेलं कोण? सुमनचा सासरा? विचारावं तर नियम आडवा. मला रडू फुटलं. मला बघून सुमनला फुटलं. मग काय, अख्खी ओसरी रडायला लागली! कुणासाठी, ते कुणालाच ठाऊक नाही.

त्यातच पेढेवाला आला. हात जोडून म्हणाला, "लई वाईट झालं, मावशी. सुतकात तुम्हाला तरास न्हाय द्यायचा. म्या शेजारच्या गावचा खवा बांधून घेतो."

'थांब की रे!' अगदी ओठावर आलं. पण ते आतून आलंय की नुसतं तोंडातून, हेच मला कळेना! ते ठरवेपर्यंत त्याची गाडी वळणापार झाली होती.

आणि येरमाळ्याच्या देवीला गेलेले आमचे मालक दारात! गोदाक्का किंचाळली. मालक बिचारे गर्दीत बसले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "कोण गेलं गं?"

"पेढेवाला!"

तेव्हा सुमन उठली. "काकू, आता मला खरंच आतून आलंय. अध्यक्ष बदलायचा."

मी एकेकीकडं डोळे वटारून बघितलं. एकीनं मान खाली घातली असेल तर शपथ! मतदान असतं तर दोघी-तिघी फोडल्या असत्या हो. पण इथं फोडायचं काय? आणि कल सांगायचं काम कुणाचं? प्रमुखाचं!

उभी राहिले आणि खणखणीत आवाजात मीच मला काढून टाकलं.