पिवळ्या गाडीतून पोखरा आणि कागदावरचा एक शब्द

निवृत्त झाल्यावर काही माणसं चारधामला जातात, काही सोसायटीच्या कमिटीत जातात. माझा नवरा सुधाकर यवतमाळच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात गेला आणि उंच छपराची, लांबलचक पांढरी डिझेल व्हॅन घेऊन आला.

"आता हॉटेल नाही, लॉज नाही," तो अंगणातूनच ओरडला. "घर सोबत घेऊन नेपाळला जायचं!"

छत्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलेला माणूस. इंजिनाचा आवाज ऐकून आजार सांगेल, पण कागद वाचायचा म्हटलं की झोप येते. गाडी आधी काय होती, असं मी विचारलं. दुकानदाराने ॲम्ब्युलन्स सांगितल्याचं कळलं. वर दुकानदार म्हणे असंही म्हणाला होता, "काका, गाडी लय शांत वापरली हाय. मांगं बसलेल्यानं आजलोक एकबी तक्रार केली नाही."

या वाक्याचा अर्थ पंधरा दिवसांनी आरटीओत कळला. गाडी खासगी करून घ्यायची, आतली रचना बदलायची तर तशी नोंद करायची, म्हणून आम्ही गेलो होतो. (असं काही करणार असाल तर सुतार लावण्याआधी हे विचारून घ्या. आम्ही सुताराला आगाऊ पैसे देऊन मग गेलो.) खिडकीतल्या बाईंनी कागद पाहिला, मग आम्हाला पाहिलं.

"काका, हिच्यात झोपणार तुम्ही?"

"हो. का?"

"ही शववाहिका होती न."

परतीच्या वाटेवर सुधाकर एकच वाक्य बोलला, "बाईला सांगू नको."

बाई म्हणजे कमलबाई, त्याची थोरली बहीण, माझी नणंद. मुकुटबनला राहते, सात एकर कपाशी आणि तूर एकटीच्या हिमतीवर बघते. चार वर्षांपूर्वी तिचे यजमान, आमचे भाऊजी, यवतमाळच्या दवाखान्यात वारले. आम्ही तेव्हा लेकीकडे पुण्याला होतो. मुकुटबनला पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. ती रुखरुख आम्हा दोघांनाही होती, म्हणून नेपाळला तिला न्यायचं आधीच ठरलं होतं. ती तिन्हीसांजेला चिंचेखालून जात नाही, अमावस्येला नव्या कामाला हात लावत नाही, मांजर आडवं गेलं तर एसटी सोडून देते. तिला आम्ही मढ्याच्या गाडीत झोपवणार होतो.

मग आम्ही कामाला लागलो. पांढरा रंग खरवडून हळदीसारखा पिवळा मारला. मागच्या दारावर खरवडताना जुनी अक्षरं वर आली, "अंतिम" एवढं वाचलं आणि सुधाकरने त्यावर दोन हात जास्त मारले. आत जमिनीला लोखंडी पट्ट्या आणि रोलर होते. ते काढायला वेल्डर लागला असता, म्हणून त्यावरच प्लायचा पलंग बसवला, खाली खण. खण असे सुरेख सरकायला लागले की विचारू नका. गादी बाईच्याच शेतातल्या कापसाची. चाळीस लिटरची पाण्याची टाकी, पायाने दाबायचा पंप, दोन शेगड्या, टपावर सोलर, माझ्या जुन्या साडीचे पडदे. छत तेवढं तसंच ठेवलं, पैसे आणि उत्साह दोन्ही संपत आले होते.

फेब्रुवारीत कापूस-तूर उरकल्यावर बाईला घ्यायला मुकुटबनला गेलो. तिने चप्पल काढून आत पाऊल टाकलं, पलंगावर आडवी झाली, वर पाहत राहिली. बराच वेळ.

"कशी हाय, बाई?" सुधाकरने घाबरत विचारलं.

"चांगली हाय. हवा येते."

पांढरकवड्यावरून महामार्गाला लागलो की नागपूरपर्यंत रस्ता लोण्यासारखा आहे. पुढे पेंचच्या जंगलात रस्ता उंचावर घेतलाय, वाघांनी खालून जावं म्हणून. बाईने खिडकीतून पाहिलं. "इथल्या वाघायचे लाड हायेत. आपल्याकडचा तं सरळ कपाशीत येते."

लखनादौनजवळच्या ढाब्यावर संध्याकाळी मुक्काम ठरला. ढाब्यावर आधी विचारून, दोन जेवणं जास्त घेऊन गाडी लावायची, कोणी हाकलत नाही. बाई म्हणाली, "शारदा, एक इचारू? या गाडीत पहिले कोन झोपे?"

मी पोळीत लक्ष घातलं. सुधाकर म्हणाला, "पेशंट. सगळे बरे झाले."

"सगळे?"

"एकदम."

"वा," बाई म्हणाली आणि आम्हाला लिंबू सरबत दिलं. चव छान होती. लिंबं कुठली, असं सुधाकरने विचारलं. "पलंगाखाली पाच होते न, हळदी-कुंकू लावलेले. म्या धुतले चांगले." नवऱ्याने उतारा म्हणून गुपचूप ठेवलेली लिंबं आम्ही पिऊन टाकली होती. तो रात्रभर पुढच्या बाकावर कुशी बदलत राहिला. आम्ही दोघी मागे गाढ झोपलो.

जबलपूर, रीवा, प्रयागराज, गोरखपूर. घाई केली तर तीन दिवस, आम्हाला चार लागले. बाई ज्वारीचं पीठ घेऊन आली होती. दुपारी झाड दिसलं की दार उघडायचं आणि भाकरी टाकायची. रीवाच्या पुढे एक ट्रकवाला ठेच्यासाठी दोनदा थांबला.

पाचव्या दिवशी सकाळी सोनौली. ही सीमा पायी दोन मिनिटांत ओलांडता येते, गाडीला मात्र भन्सार लागतो, म्हणजे जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचा कर. गाडीचे मूळ कागद, लायसन्स, विमा, सगळ्यांची मतदार ओळखपत्रं आणि शंभराच्या नोटा जवळ ठेवा. आमचं सगळं जवळ होतं. तरी एक तरुण अधिकारी आत चढला, खण ओढला आणि खाली वाकला.

"ये रोलर किसलिए?"

सुधाकर घामाघूम. "वो... सामान..."

"सामान के लिए इतना लंबा? क्या लाते-ले जाते हो?"

त्याने अजून दोघांना हाक मारली. गादी बाहेर, भांडी बाहेर, पीठ बाहेर. मागे रांग लागली. पलंग उखडायला लावतात की काय, की इथूनच परत पाठवतात? खरं बोलावं तर बाई शेजारीच उभी.

बाईनेच पदर खोचला आणि पुढे झाली.

"साहेब, ये मुर्दे की गाडी थी. उसके ऊपर मुर्दा सरकाते. मेरे मालक को इसीमें घर लाये थे. तब वो सोये थे, मैं बाजू में बैठी थी. अब मैं सोके जा रही."

मग त्या अधिकाऱ्याने स्वतः गादी उचलून आत ठेवली, पीठ सांडलं होतं ते झटकलं आणि शिक्का मारला. "जाइए, आमा," तो म्हणाला. नेपाळीत आईला आमा म्हणतात, हे नंतर कळलं.

बुटवल मागे पडलं. शेवटी मीच विचारलं, "बाई, तुम्हाला कधी कळलं?"

"पयल्याच दिवशी. हे छत मी यवतमाळ ते मुकुटबन पाह्यत आली होती. त्यायच्याकडं पाहवे ना, मंग कुठं पाहू? हे खिळे दोनदा मोजले म्या."

सुधाकरने गाडी बाजूला घेतली. त्याला पुढे दिसत नव्हतं.

"मंग सांगतलं काहून नाही?" तो म्हणाला.

"कायले सांगू? तुम्ही दोघं लपवून राह्यले होते, मले लय मजा येत होती." मग म्हणाली, "तुह्या भाऊजीले फिरायची लय हौस. दरसाल म्हने, कापूस निघाला की जाऊ. अन् कापूस निघाला की बोंड्या येचाले लावे."

"आणि तुम्हाला भीती नाही वाटली?"

"आपल्या मानसाचं कायचं भेव? लोकाची गाडी असती तं चढलीच नसती मी."

पुढे तानसेनवरून पोखऱ्याचा घाट. अंतर फार नाही, पण वळणं आणि खोदकाम मिळून दिवस जातो. दुसऱ्या गिअरला लाजू नका. एका चढावरच्या खानावळीत डाळ-भात खाल्ला. मालकीणबाईंनी आंबवलेल्या वाळक्या पाल्याची भाजी वाढली, गुंद्रुक. बाईने बदल्यात ठेचा दिला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी अर्धा तास जावांविषयी बोलल्या असाव्यात, हातवाऱ्यांवरून तरी तसंच वाटलं.

पोखऱ्यात तळ्यापासून जरा लांब, शेताच्या कडेला जागा मिळाली. पहाटे मी उठले तर मागचं दार सताड उघडं. बाई पलंगावर बसलेली, पांघरूण डोक्यावरून घेतलेलं. समोर बर्फाचा डोंगर आधी राखाडी, मग जांभळा, मग एकदम केशरी. ती हलक्या आवाजात कुणाला तरी तो दाखवत होती. मी डोळे मिटून पडून राहिले.

परतून आता महिना झाला. गाडीला खर्च ठरवल्यापेक्षा बराच जास्त झाला, सुधाकरची कंबर दुखते, आणि वापरलेली गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते, पैसे देण्याआधी कागद वाचा. खरं तर आम्ही वाचला असता तर गाडी घेतलीच नसती, आणि ही चूक आता मला बदलावीशी वाटत नाही.

बाईला सोडायला मुकुटबनला गेलो तेव्हा शेजारच्या चार-पाच जणी ओसरीवर येऊन बसल्या. भाऊजी गेल्यापासून बाई त्यांच्याविषयी अवाक्षर काढत नसे. आता पाणीसुद्धा न पिता तिने सुरुवात केली.

"आम्ही चौघं निघालो सकाळी पांढरकवड्यावून..."

"चौघं?" एकीने बोटं मोजली. "तुम्ही तं तिघंच होते न वो बाई?"

"तू गोष्ट आयक न," बाई म्हणाली.