बेंदराच्या मिरवणुकीत म्हशी

आमच्या खालच्या आळीतनं कृष्णेचं पाणी दिसतंय. गाव पलूसकडचं, आळीत वीस-बावीस घरं. त्यातली चंद्राकाकू म्हंजे साठीची एकटी बाई, डेअरीला दूध घालून पोट भरणारी. पण तिनं हाक मारली की आज सगळी आळी उठती. मीबी उठतो, आणि मी भाऊसो काय कुणाचं ऐकून घेणारा गडी न्हवं.

तिच्या भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ हुती, गेरूनं ओढलेली. २०१९ ला पाणी चढाय लागलं तवा रेघेवर हात ठेवून काकू सगळ्यांना सांगायची, "ह्याच्या वर पाणी येत न्हाई. बसा निवांत." आमी बसलो. आमीबी तेच म्हणत हुतो की! दुसऱ्या दिशी पाणी रेघ गिळून वर गेलं, आमाला नावंतनं काढलं. माणसं वाचली. काकूच्या दोन म्हशी दाव्यालाच बुडाल्या. नावंत बसून ती एकच बोलत हुती, "दावी तरी सोडायची हुती गं मी."

पूर वसरला आणि बाई कामाला लागली. घरोघर हिंडून तिनं जोड्या लावल्या. पाणी वाढलं की आधी जोडीच्या घरात बघायचं, म्हातारं माणूस कोण हाय, गाभण जनावर कुठं बांधलंय. आमच्या घराची जोडी लागली खुद्द काकूशी. उंचावरच्या माळावर शाळंपाशी तिनं परतेक घराच्या जनावरांना खुट्टं ठोकून दिलं. पण म्हैस नवख्या वाटंनं जाईना, आणि म्हैस सोडून माणूस हालंना. त्यावर काकूनं जी तोड काढली, ती ऐकून माझं टाळकंच सरकलं.

बेंदराला आमी बैलं सजवून मारुतीला फेरी घालतो, बापजाद्यांपासनं. आळी गोळा करून काकू म्हणाली, "यंदा मिरवणूक माळावर न्यायची. म्हशीबी घ्यायच्या."

"आवं काकू, बेंदूर बैलांचा असतोय! म्हशीला काय झूल घालू व्हय?"

"घाल की. तुझ्या बिजलीला लय शोभंल."

सगळी फिदीफिदी हसली. मी ताडकन उठलो. बिजली जाणार न्हाई म्हंजे न्हाई, असं आईला बजावलं आणि माझी बैलं घेऊन एकटाच मारुतीला गेलो.

आठवडा झाला न्हाई तवर पाणी वाढलं. मी मिरजंला, बायकोचं ऑपरेशन झालेलं. बैलं पाव्हण्यांकडं कामाला दिलेली. घरात आई एकटी, पंच्याहत्तरीची. सकाळी फोन केला तर म्हणती, "पायरीला पाणी लागलंय. बिजलीला सोडून मी हालायची न्हाई." आणि फोन बंद पडला. काकूच्या त्या दोन म्हशी डोळ्यांपुढनं हालंनात. सासूला बायकोपाशी बसवलं आणि निघालो. रस्ते बंद, लांबचा फेरा मारून, जरा ट्रॅक्टरवर, जरा चालत, दुपारी माळावर पोचलो.

शाळंपाशी आमच्या खुट्ट्याला बिजली रवंथ करत उभी. शेजारी आई, च्या पीत बसलेली. मी तिथंच मातीत बसलो.

"आलीस कशी गं?"

"चंद्रानं येऊन दावं सोडलं. म्हैस आपसूक माळाच्या वाटंला लागली. तिच्यामागनं मी."

"पण तिला वाट कशी ठावं?"

आई कपात बघाय लागली. "बेंदराला तू मारुतीला गेलास, तवा मी दावं चंद्राच्या हातात दिलं हुतं. शिंगंबी मीच रंगवली. तू यायच्या आत धुऊन टाकली."

तिनं माझं ऐकलं असतं तर आज मला आई न्हवती.

"काकू कुठं हाय?"

"परत खाली गेली. आळीतल्या बिराप्पाच्या शेळ्या ऱ्हायल्यात."

मी पँट दुमडली आणि पळालो. आळीच्या तोंडाला गुडघाभर पाण्यात काकू दिसली, शेळ्या वढत यीत हुती.

"काकू, चुकलो मी."

"ते मागनं बोल," ती म्हणाली. "आधी ही दोन दावी धर."

धरली.