तोडीची वेळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तो कामावर गेला की घरात मी एकटी. फ्रिजवर अजून आठवड्याच्या कामांची यादी लावते. त्या दिवसाचं सगळं सकाळी दहालाच आटोपतं — मग काय करायचं?

सुमन माझी नणंद. लग्न झालं नव्हतं, तिरोड्यात आमच्याकडेच राहायची. रागमालेची चित्रं काढायची — एकेका रागाचं एकेक चित्र. हट्ट असा, की ज्या रागाचं चित्र, ते त्याच रागाच्या वेळेला रंगवायचं, तोच राग गुणगुणत. तोडी सकाळचा. रानात वीणा घेतलेली एकटी बाई, सूर ऐकायला जवळ आलेली हरणं. आणि सकाळी आमच्याकडे काय असायचं? मुलांची शाळा, सगळ्यांचे डबे.

"हरणं पाहाले नागझिऱ्याले जा ना, कागदावर कायले काढून राहिली?" मी कणीक मळताना टोमणा मारायची.

"नागझिऱ्याचे हरणं माह्यं गाणं आयकत नाही ना जी वहिनी," ती हसायची — आणि ब्रश धुऊन पोळ्या लाटायला यायची.

मग तिनं नागपूरच्या एका चित्रशाळेला चित्रं पाठवली. शिकवायला बोलावतील, तिथंच राहता येईल, ही आशा. तिच्याकडे मोबाइल नव्हता. नंबर माझा दिला.

फोन — हो, आला. चित्रं फार आवडली, लगेच या, म्हणाले. सुमन अंगणात कपडे वाळत घालत होती. खिडकीतून तिच्याकडे पाहत मी फोनवर म्हणाले, "त्यांनी चित्रं काढणं सोडलं आता." मत्सर होता का? तोही नाही. उद्या पोळ्या कोण लाटेल — एवढंच डोक्यात होतं.

"नागपूरचा फोन नाही आला ना जी वहिनी?" ती बरेच दिवस विचारायची. मी नाही म्हणायची. पुढे विचारणं थांबलं, मग गुणगुणणंही. सकाळी ती माझ्याआधी ओट्याशी उभी असायची. मला सोयीचंच झालं, नाही का?

गेल्या वर्षी ती आजारी पडली. तोवर मुलं पुण्याला गेली होती, डबे बंद झाले होते. दवाखान्याच्या खोलीत आम्ही दोघीच.

"माहे चित्रं एवढे खराब होते का जी वहिनी? त्यायनं एक फोनबी नाही केला."

तेव्हा तरी सांगता आलं असतं. मी तिची चादर सारखी केली.

"नसन आवडले त्यायले," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. तिला ते पटलं. तेच खरं मानून ती गेली.