बाईंच्या छताची कांडी

मी गवंडी. शाळा तिसरीत सुटली आणि हातात थापी आली, ती गुडघे बोलायला लागले तेव्हाच खाली ठेवली. हडपसरला आमच्या सोसायटीत मी चौथ्या मजल्यावर राहतो. घरातल्या बाथरूमची फरशी मीच उखडली आणि मीच नवी बसवली, त्याला आता काही वर्षं झाली. मुलगा म्हणत होता, माणूस लावू. म्हटलं, गवंड्याच्या घरात दुसरा गवंडी आणतोस? तो गप्प बसला. माझ्यापुढं घरात सगळेच गप्प बसतात, बायको सोडून.

खालच्या मजल्यावर बाई राहतात. शाळेत भूगोल शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. सोबत त्यांची थोरली बहीण, ऐंशीच्या पुढची, वॉकर धरून चालणारी. दिवाळी झाल्यावर एका सकाळी बाई वर आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"तुमच्या बाथरूमचं पाणी आमच्याकडे गळतंय. काल ताई घसरता घसरता वाचली. फरशी उकरून बघावी लागेल."

"माझं काम गळत नाही."

"बरं, ठिबकतं म्हणू. या, दाखवते."

खाली गेलो. त्यांच्या बाथरूमच्या छताला एक पांढरी कांडी लोंबत होती. बोटभर लांब, शहाळ्यात घालतात त्या नळीसारखी पोकळ, टोकाला थेंब. बरोबर तिच्याखाली, दाराच्या तोंडाशीच, फरशीवर बत्ताशाएवढा पांढरा उंचवटा आलेला. ओला आणि गुळगुळीत.

"खार फुटलाय," मी म्हणालो. "तुमच्या गिझरची वाफ छताला लागते, दुसरं काय."

"वाफेत चुना कुठून येईल हो? पाणी तुमच्या सिमेंटमधून झिरपताना त्यातला चुना विरघळवून आणतं. थेंब इथं टोकाशी थांबतो. त्याला हवा लागली की थोडा चुना कडेनं गोल बसतो, म्हणून नळी होते. मग थेंब पडतो आणि उरलेला चुना खाली फरशीवर सोडतो. चुनखडीच्या गुहांमध्ये असंच हजारो वर्षं चालतं. वरचा खांब खाली येतो, खालचा वर चढतो, आणि कधीतरी दोघं भेटतात. गुहेत ते फार सावकाश होतं. सिमेंटात चुना मोकळाच असतो, म्हणून इथं घाई आहे."

"पुस्तकात काय म्हणतात ह्याला?"

"लवणस्तंभ."

"लवण म्हणजे मीठच की! मग मी काय वेगळं सांगतोय?"

"नाव तसं पडलंय. मीठ वाटत असेल तर चाखून बघा."

मी कांडीचं टोक मोडलं आणि जिभेला लावलं. चव काही नाही. पाटीवरची पेन्सिल चाटल्यासारखं.

"आहे थोडं खारट," मी म्हणालो.

गृहपाठाची वही घरी राहिली म्हणणाऱ्या पोराकडं बाई जशा बघत असतील, तशा बघत राहिल्या.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "उकरा की एकदाची. त्या म्हातारीचं हाड मोडलं म्हणजे?"

"फरशी उकरली म्हणजे मी कबूल केलं. सगळ्या सोसायटीत काय सांगू, जन्मभर गवंडीकाम केलं आणि स्वतःची मोरी गळते?"

मग मीच नीळ टाकायचं काढलं. गळती शोधायची आमची जुनी रीत आहे ती. बाथरूमच्या जाळीत बोळा घालून पाणी कोंडलं, त्यात नीळ कालवली. दोन दिवस घरच्यांनी संडासात बादली नेऊन कशाबशा आंघोळी उरकल्या. बाईंना सांगून ठेवलं, निळं पाणी उतरलं तर मी स्वतः छिन्नी मारतो. दोन दिवसांत निळं काही उतरलं नाही. कांडीचा थेंब काचेसारखा स्वच्छ.

तिसऱ्या दिवशी जिन्यात चार माणसं उभी होती. बाई भाजीची पिशवी घेऊन वर येत होत्या. मी मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, "बाई, भूगोल शिकवणं वेगळं आणि भिंत बांधणं वेगळं. आता प्लंबर बोलवून तुमचा नळ बघून घ्या."

लोक हसले. बाई "बरं" म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं, हे लिहिताना कान गरम होतात.

थंडी चांगलीच पडली होती तेव्हा बाईंचा फोन आला. "जरा खाली या. तुमची नीळ पोचलीय."

कांडी पुन्हा वाढली होती. मी मोडलं होतं त्याच्या खाली नवं टोक आलेलं, आणि त्या टोकाला निळसर कडं. फरशीवरच्या उंचवट्यालाही वर निळी झाक. बाई बाजूला उभ्या राहिल्या.

मी बघत राहिलो. फरशीखाली कोब्याचा थर असतो, त्यात विटांचे तुकडे असतात. पाणी आधी त्यांच्या फटीत साठतं, मग वाट मिळेल तिकडं सरकतं. दोन दिवसांत कसं उतरेल? हे मला माहीत होतं. लोकांच्या गच्चीवर कोबा घातला की मी आठवडाभर पाणी कोंडून ठेवायचो, मालकानं घाई केली तर त्याच्यावर ओरडायचो. माझ्या घरी कोबा वाळतो न वाळतो तोच मी वर फरशी दाबली होती. माझ्याच हाताची परीक्षा कसली घ्यायची! आणि चुन्याचं तरी काय? भिजवलेल्या चुन्याच्या पाण्यावर रात्रीतून हवेनं पातळ साय धरते, ती मी जन्मभर फळीनं बाजूला सारली. बाई तेच सांगत होत्या.

टोक चाचपताना हाताला नीळ लागली म्हणून धुवायला वळलो, तर तिथं साबण नव्हता. पाणी घ्यायचा तांब्याही नव्हता. बादली कोरडी.

"साबण कुठंय?"

"ड्राय बाल्कनीत. ताई तिकडेच आंघोळ करते."

"इथं का नाही?"

"दारातच थेंब पडतो. तिला भीती बसलीय. संडासात वॉकर मावत नाही."

ड्राय बाल्कनीत, म्हणजे कपडे वाळवायच्या त्या चिंचोळ्या उघड्या जागेत, प्लास्टिकचं स्टूल, बादली आणि कपड्यांच्या दोरीवर आडोशाला बांधलेली एक जुनी साडी. समोरच्या इमारतीच्या खिडक्या तिथून हातभर वाटत होत्या. जाळीतून गार वारा येत होता. साडीची गाठ दोरीवर काळी पडली होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"जिन्यात तुम्ही प्लंबर सांगितलात ना, त्याच्या आधीपासून."

माफ करा म्हणायला तोंड उघडलं, पण ते शब्द मला कधी वळलेच नाहीत. बाहेर आलं ते एवढंच, "उद्यापासून आमचं बाथरूम बंद. फरशी उकरतोय."

"मग तुम्ही आंघोळ कुठं करणार?"

"बघतो काहीतरी."

"आमची ड्राय बाल्कनी रिकामी होईलच आता," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी छिन्नी मीच मारली. जमेना तेव्हा मुलाला म्हणालो, माणूस बोलव. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. नवा कोबा झाल्यावर त्या गवंड्याला मी आठवडाभर पाणी कोंडायला लावलं.

तोवर घरचे संडासात आंघोळ उरकत होते. मी आमच्या ड्राय बाल्कनीत आंघोळीला बसायचो, बायकोची साडी दोरीला बांधून. बायको म्हणाली, "हे काय सोंग?" मी साडीची गाठ आवळली. वारा आला की साडी उडायची, एका हातानं ती धरून दुसऱ्या हातानं पाणी घ्यायला लागायचं. खालून बाईंच्या बाल्कनीतून पाण्याचा आवाज येत होता. कोबा पुरा व्हायचा होता, ताईंची आंघोळ अजून तिथंच चालू होती.