तळ्यातलं यंत्र आणि हळदीची चिंधी

सप्टेंबर, नवरात्राआधीचा शनिवार. घट बसायच्या आत सगळ्या गोधड्या धुऊन काढायच्या, ही आमच्या घरची रीत. नळाला तेवढं पाणी नसतं, म्हणून येलवाल गावाच्या पुढच्या एका तळ्यावर सासूबाई, मी आणि माझी मुलगी असं दरवर्षी जातो. सात गोधड्या आणि पिशवीभर धुण्याचा सोडा.

यंदा धुण्याच्या दगडासमोरच पाणी तपासणारं एक पिवळं यंत्र तरंगत होतं आणि काठावर दिव्याचा खांब होता. पाणी पोहण्याजोगं असलं की दिवा हिरवा, नाहीतर लाल. मुलीला समुद्रकिनाऱ्यावर जीवरक्षक व्हायचंय. तिची पोहण्याची चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी इथेच होती. दिवा लाल असला तर चाचणी रद्द, पुढची वर्षभराने.

मी चौथी गोधडी आपटत असताना दिवा लाल झाला.

मुलीने फोनवर यंत्राचा आकडा पाहिला. "पाण्यात क्षार वाढलाय म्हणतंय. आई, हे आपणच केलं."

"अय्यो, डबड्याला काय कळतंय?" सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या पणजोबांनी याच पाण्यात रंगाची कापडं धुतली."

"तेव्हा इथे कोणाची परीक्षा नव्हती, आज्जी."

सासूबाईंनी डबा ज्यात बांधून आणला होता, त्या हळदीत रंगवलेल्या फडक्याची कड टर्रकन फाडली. आमचं घराणं रंगाऱ्यांचं. क्षार असला की हळदीची चिंधी तांबडी होते, हे इथे शाळेत शिकावं लागत नाही. दगडापाशी चिंधी बुडवली, तर लगेच तांबडी झाली.

मला प्रश्न पडला, हे तांबडं कुठवर पोचलंय? मी आणखी चिंध्या फाडल्या आणि काठाकाठाने बुडवत निघाले. वीस पावलांवर चिंधी नारिंगी झाली. चाळीसवर पिवळी राहिली. चाचणीसाठी पोहण्याची दोरी बांधली होती तिथेही पिवळीच. म्हणजे यंत्र खोटं बोलत नव्हतं. ते फक्त आमच्याच कोपऱ्यातलं पाणी चाखत होतं.

खांबावरच्या नंबरावर फोन लावला. यंत्र सांभाळणारा तरुण म्हणाला, "चाचणी रद्द करायचं पत्र लिहितोच आहे, मॅडम."

"थांबा. सोडा आमचा आहे," मी सांगितलं, आणि चिंध्यांचा हिशोबही.

"हळद? बरं. उद्या सहाला येतो. पण मी यंत्राचाच आकडा धरणार, चिंधीचा नाही."

"तेच बरोबर आहे."

उरलेल्या तीन गोधड्या कोरड्याच परत आणल्या.

सकाळी तो आला. यंत्र पोहण्याच्या दोरीजवळ न्यायचं ठरलं, पण नावेत तो एकटाच. काठावरून कोणीतरी यंत्राचा दोर सैल सोडत राहायला हवं होतं. मी चपला काढल्या, गुडघाभर पाण्यात उतरले आणि दिवा हिरवा होईपर्यंत तो दोर धरून उभी राहिले.