भर कामात उपटलेली केबल

आमच्या पेण आणि रोह्याच्या ऑफिसांतले कॉम्प्युटर जोडणारा तो माणूस फार मोठ्यानं बोलायचा. पेणच्या राउटरमध्ये, म्हणजे निरोपांना वाट दाखवणाऱ्या डबीत, रोह्याची वाट घातली की यंत्रालाच दरडावायचा, "जाशील रे, पन परत कसा येनार?" मग एसटीनं रोह्याला जाऊन तिथं परतीची वाट घालायचा.

मुख्य लाइन पडली तर हाताशी असावी, म्हणून त्यानं टेलिफोनवरून दुसरी लाइन बसवली.

"वेळेला चालेल ना?" साहेबांनी विचारलं.

त्यानं सरळ मुख्य केबल उपटली.

"अहो, ऑर्डरी चालू आहेत!" साहेब ओरडले.

पडदा थिजला. टेलिफोनला जोडलेला मोडेम किंचाळला, आणि रोह्याच्या ऑर्डरी पुन्हा उतरू लागल्या. आम्ही टेबलं बडवली.

केबल उपरण्यासारखी खांद्यावर टाकून तो साहेबांच्याच खुर्चीत बसला. "लावू काय परत, का ऱ्हाऊ दे अशीच?"

साहेबांनी उभ्यानंच चहा सांगितला.